‘आम्ही कोळसा टाकला नाही, आग राखली’: ‘करंजा’ आगबोटीवर आजोबा नेमकं काय करत होते?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्याचे आजोबा बाणकोट खाडीच्या काठचे. १९५२ पासून सतरा वर्षं ते मुंबई–आफ्रिका मार्गावरच्या ‘करंजा’ आगबोटीवर आगवाला होते. आता घरात त्यांची नल्ली (खलाशाच्या नोकरीची नोंदवही) आहे, पत्र्याची पेटी आहे आणि सगळ्यांना पाठ झालेली त्यांची दोन वाक्यं आहेत: ‘आम्ही कोळसा टाकला नाही, आग राखली’ आणि ‘बंदर आलं की आमचे हाल.’ या वाक्यांचा अर्थ काय, आजोबांचा दिवस कसा जात असेल आणि ही बोट मालाची होती की माणसांची, असं विचारलं आहे.

आधी माझं सांगतो. ‘करंजा’वर मी नोकरी केलेली नाही. डीएमईटी या जहाजी इंजिनिअर घडवणाऱ्या सरकारी संस्थेतून बाहेर पडल्यावर, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या दुसऱ्या एका मालवाहू-प्रवासी जहाजावर मी पाच साब म्हणून चढलो. पाच साब म्हणजे पाचवा इंजिनिअर. साबलोकांच्या उतरंडीत सगळ्यात खालचा. त्यानंतर बारा वर्षं वाफेवरच काढली आणि मग सगळ्यांसारखा डिझेलवर गेलो. म्हणजे ‘करंजा’चा इतिहास मला वाचून आणि जुन्या लोकांकडून ऐकून माहीत आहे, पण तिच्या बॉयलर रूममध्ये आजोबा काय करत असतील हे अंगावर घाम काढून माहीत आहे.

बोटीची ओळख झटकन करून घेऊ. ‘करंजा’ १९४८ ची, ग्लासगोच्या लिंटहाउस भागात अलेक्झांडर स्टीफन यांच्या गोदीत बांधलेली. तिची जुळी बहीण ‘कंपाला’ १९४७ ची. दहा हजारांहून थोडं जास्त ग्रॉस टनेज, दोन स्क्रू (पाण्यातले पंखे), वाफेची टर्बाइन, वेग सुमारे १६ नॉट. मालक ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी, खलाशांच्या तोंडी नुसतं ‘बी. आय.’. काळ्या धुराड्यावर दोन पांढरे पट्टे दिसले की गोदीतलं शेंबडं पोरही कंपनी ओळखायचं. मुंबईतला कारभार बॅलार्ड इस्टेटमधल्या मॅकिनन मॅकेन्झीकडे होता. घरात कुणी ‘करंजा युद्धात बुडाली’ असं सांगत असेल तर तेही खोटं नाही, पण ती आधीची ‘करंजा’. ती नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या बूजी बंदरासमोर बाँबहल्ल्यात गेली. आजोबांची ती दुसरी.

आता पहिल्या वाक्याकडे येतो. खरा जीव त्याच्यात आहे.

‘आगवाला’ हा शब्द कोळशाच्या जमान्यातला. तेव्हा आगवाला भट्टीच्या तोंडाशी उभा राहून फावड्याने कोळसा मारायचा. चार तासांच्या पाळीत एकेका माणसाच्या हातून दोनेक टन कोळसा जायचा. मागून कोळसेवाला बंकरमधून हातगाडी भरून आणायचा. लांब सळईने आग फोडायची, जाळीत अडकलेली खंगराची ढेपं ओढून काढायची, राख वर चढवून समुद्रात टाकायची. तांबड्या समुद्रात उन्हाळ्याच्या दिवसांत माणसं भट्टीसमोर कोसळायची. आजोबांच्या आधीच्या पिढीने हे सगळं केलं. १९४८ च्या ‘करंजा’ला मात्र कोळसा नव्हता, फर्नेस ऑइल होतं. फावडं गेलं, नाव तेवढं राहिलं. आजोबा आवर्जून ‘कोळसा टाकला नाही’ म्हणायचे ते यामुळे. त्यात थोडी कृतज्ञता असेल, थोडी ऐटही असेल. कोळसेवाल्या म्हाताऱ्यांनी नव्या आगवाल्यांना ‘तुम्ही नळ फिरवणारे’ म्हणून चिडवलेलं मी स्वतः ऐकलंय.

पण नुसता नळ फिरवून भागत नव्हतं. फर्नेस ऑइल थंड असताना काकवीसारखं दाट असतं. ते शंभर अंशांच्या आसपास तापवायचं, पंपाने दाब द्यायचा आणि बर्नरच्या टोकाच्या बारीक भोकातून तुषार करून भट्टीत सोडायचं. तेल थोडं थंड राहिलं की थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात, धुराडं काळं ओकायला लागतं आणि ब्रिजवरून, म्हणजे वर कप्तान उभा असतो तिथून, फोन येतो. हवा जास्त झाली तर धूर पांढरा होतो आणि उष्णता धुराड्यातून फुकट जाते. म्हणून आगवाला निळ्या काचेतून ज्योत बघायचा, हवेची झडप बोटभर उघडायचा किंवा बंद करायचा. दर पाळीत आळीपाळीने एकेक बर्नर काढून त्याचं टोक साफ करून पुन्हा बसवायचं. बर्नर काढताना हात भाजलेला नाही असा आगवाला मी पाहिला नाही. आजोबांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला डाग होते का, घरातल्या थोरल्यांना विचारून बघा.

हे सगळं आगीचं झालं. पण बॉयलर मारतो तो पाण्याने. ड्रममधलं पाणी एका ठरावीक रेषेवर हवं. कमी झालं तर नळ्या उघड्या पडून लाल होतात आणि फाटतात. जास्त झालं तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनकडे जातं आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यांवर आदळतं. ही रेषा दाखवते ती पाणकाच. आणि पाणकाचेचा एक घातकी गुण आहे: पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच लांबून अगदी सारखी दिसते.

हा गुण मला एका आगवाल्याने शिकवला. जहाजावरचा माझा पहिला महिना. बंदरात होतो, पहाटेची वेळ, मोठे बॉयलर बंद आणि वाफ छोट्या डंकी बॉयलरवर. मी काच पाहिली. पाण्याची रेषा कुठेच नाही. मला वाटलं, पाणी काठोकाठ भरलंय. फीडचा, म्हणजे बॉयलरला पाणी देणारा, व्हॉल्व्ह बंद करायला हात घातला, तर माझ्या वडिलांच्या वयाच्या त्या माणसाने माझं मनगट धरलं. म्हणाला, ‘साब, रेघा बघा.’ काचेच्या मागच्या पट्टीवर तिरप्या काळ्या रेघा ओढलेल्या असतात. काचेच्या नळीत पाणी असेल तर ती भिंगासारखी वागते आणि रेघा उलट्या तिरक्या दिसतात. पाणी नसेल तर जशाच्या तशा दिसतात. माझ्या समोरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. काच रिकामी होती.

त्याने आधीच बर्नर बंद केला होता. मग काच नीट फुंकून घेतली, म्हणजे वाफेची आणि पाण्याची वाट आळीपाळीने उघडून साफ केली. तेव्हा काचेच्या तळाशी, नटाला चिकटून, बोटभर पाणी चढलेलं दिसलं. फीड पंप मध्येच अडकून थांबला होता. उभ्या वीअर पंपाची दांडी अर्ध्यावर उभी राहते आणि मग तिला मनवावं लागतं. त्याने हातोडीने पंपाच्या पेटीवर दोन हलके टोले दिले, पंप खाकरला आणि चालू झाला. मी व्हॉल्व्ह बंद केला असता आणि आग तशीच राहिली असती तर काय झालं असतं, हे त्याने बोलून दाखवलं नाही. त्या रात्री त्याने माझ्यासाठी चहा मात्र जास्त गोड केला.

‘आग राखली’ म्हणजे काय, हे मला असं कळलं.

बंदरात शिरताना आगवाल्याची खरी परीक्षा. मोकळ्या समुद्रात टर्बाइन दिवसचे दिवस एकाच गतीने फिरत राहतं. वाफ किती लागणार हे ठरलेलं असतं. बंदराच्या तोंडाशी मात्र ब्रिजवरून तार, म्हणजे इंजिनला हुकूम देणारा घंटेचा टेलिग्राफ, वाजायला लागते. स्लो अहेड, स्टॉप, हाफ अस्टर्न, स्टॉप. खाली इंजिनिअर वाफेचं चाक फिरवतो आणि वाफेची मागणी क्षणात शून्यावर येते, क्षणात भरते. भट्ट्या पेटलेल्याच असतील तर दाब चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि सगळ्या बंदराला आपलं अज्ञान ऐकू जातं. उलट भट्ट्या विझवल्या आणि कप्तानाने एकदम मागे मागितलं तर वाफ पुरत नाही आणि धक्का समोर येत असतो. त्यात पाणीही फसवतं. वाफ एकदम ओढली की ड्रममधले बुडबुडे फुगतात आणि पातळी खोटी वर जाते. ओढणं थांबलं की खोटी खाली येते. नवखा माणूस तेव्हा नेमकं उलटं करतो. तरबेज आगवाल्याला मात्र कुणी हुकूम द्यावा लागत नसे. तारेची घंटा ऐकली की किती बर्नर बंद करायचे, किती ठेवायचे, हे त्याच्या हाताला कळायचं. त्याचे डोळे काचेवर आणि कान घंटेवर. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले काही जण घंटा वाजायच्या आधीच हात पुढे न्यायचे. वर बोट बंदरात आणणारा पायलट काय करतोय हे खाली बसून त्यांना कसं कळायचं, हे मला बारा वर्षांत उमगलं नाही.

दिवस कसा जायचा? चार तास काम, आठ तास सुटी, मग पुन्हा चार तास. बारा-चार, चार-आठ आणि आठ-बारा अशा तीन पाळ्या, प्रत्येक पाळी दिवसा एकदा, रात्री एकदा. बॉयलर रूममध्ये पंचेचाळीस अंश तापमान नेहमीचं. वरून हवा आणणाऱ्या पोत्यासारख्या पाइपच्या तोंडाशी जागा मिळवण्यासाठी गोडीगुलाबीची भांडणं व्हायची. गळ्यात घाम पुसायचा कपडा असायचा. मिठाच्या गोळ्या मिळायच्या, पण बहुतेकांची भिस्त भंडाऱ्याच्या डाळीवर. रमजानात रोजा ठेवून बारा-चार करणारे आगवाले मी पाहिलेत. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, शहाणा असला तर अशा माणसाला न बोलता रात्रीच्या पाळीकडे सरकवायचा.

आता ही नावं. मराठी माणसाला त्यात गंमत वाटेल. कोकणात मच्छीमारीच्या होडीचा मालक-कप्तान तो तांडेल. आगबोटीवर मात्र टिंडेल हा सारंगाच्या हाताखालचा माणूस, म्हणजे गावातला कप्तान बोटीवर दुय्यम. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. गावाकडच्या भंडाऱ्यांशी त्याचा संबंध असेलच असं नाही. कसाब म्हणजे भांडारातला सामान राखणारा, मटण कापणारा नव्हे. सुकाणी चाक धरतो, तेलवाला यंत्रांच्या बेअरिंगवर हात ठेवून ताप बघतो, टोपास झाडलोट करतो, डंकीवाला म्हणजे आगवाल्यांतला बढती मिळालेला जाणता. मेटला, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्याला, ‘मालम’, चीफ इंजिनिअरला ‘बडा साब’. अरबी, फारशी, पोर्तुगीज, मल्याळी, सगळं एका काढ्यात उकळून ही भाषा झाली. मुंबईच्या गोदीत माल चढवताना ‘हाबेस’ आणि उतरवताना ‘आरिया’ ओरडतात, त्यातला ‘आरिया’ थेट पोर्तुगीज खलाशांकडून आलेला.

कुठल्या खात्यात कुठल्या मुलखाची माणसं, हेही जवळजवळ ठरलेलं असे. मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर डेकवर खारवे आणि रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, इंजिनात पंजाबी-पठाण पुष्कळ आणि कोकणीही, तर सलून, पँट्री आणि जेवणघर गोव्याच्या ख्रिस्ती लोकांकडे. गोवेकरांचे मुंबईत, धोबी तलाव आणि माझगावच्या बाजूला, गावागावांचे ‘कूड’ होते: बोट मिळेपर्यंत राहायची हक्काची जागा, भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. कोकणी मुसलमानांच्याही जमातीच्या खोल्या होत्या. पन्नासच्या दशकात सरकारी नोंदणी कार्यालयातून पाळीपाळीने नेमणूक व्हायला लागली. त्याच्या आधी घाट-सारंगाचा, म्हणजे भरतीच्या दलालाचा, हात ओला केल्याशिवाय बोट मिळत नसे. १९५२ ला लागलेले तुमचे आजोबा बदलाच्या नेमक्या उंबरठ्यावरचे.

तर बोट मालाची की माणसांची? दोन्हींची, आणि एकाच जागेत.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाला केबिनी होत्या. तिथली माणसं फार तर अडीचशे. बाकीचे कित्येक शे ‘डेकवाले’. त्यांची सोय मुख्य डेकच्या खालच्या मजल्यावर, ज्याला ट्वीन डेक म्हणतात. बाणकोटहून मुंबईला तुमची माणसं ज्या किनारी आगबोटीने यायची तिच्या डेकची कल्पना करा. फक्त इथे एक रात्र नाही, आठवडा. वळकटी, ट्रंक, पाण्याची सुरई, पापड-लोणच्याचे डबे. खडूने आखल्यासारखी ज्याची त्याची जागा. कुटुंबं मध्ये, एकटे पुरुष कडेला. मुंबईच्या बाजूने अशा बोटींवर किती माणसं घ्यायची याचे कायदे होते. १९३१ चे ‘सिमला नियम’ नावाने ओळखले जाणारे नियम त्यासाठीच होते, आणि पावसाळ्यात तोच डेक कमी माणसांचा धरला जायचा. कारण सरळ आहे: नैर्ऋत्य मोसमात हॅच आणि व्हेंटिलेटर झाकावे लागतात, उघड्या डेकवर कुणाला ठेवता येत नाही आणि आत हवा उरत नाही.

माणसं नसली की त्याच ट्वीन डेकवर माल. मुंबईहून कापड, कांदे, मसाले, भांडीकुंडी. परतताना झांझिबारची लवंग, मोझांबिककडचे कच्चे काजू, केनियातल्या मगाडीचा सोडा आणि युगांडाचा लांब धाग्याचा कापूस. गिरणगावात युगांडाच्या कापसाला मान होता. बारीक सूत काढायला तो लागायचा. म्हणजे परळच्या चाळीत धोतर नेसणाऱ्या माणसाचा आणि तुमच्या आजोबांच्या बर्नरचा एक धागा होता, अगदी खराखुरा. मला अशा बोटींचं कौतुक वाटतं ते या हिशोबासाठी. निव्वळ प्रवासी जहाज मोसमाबाहेर रिकामं धावतं. निव्वळ मालवाहू जहाज माल भरेपर्यंत थांबू शकतं, पण या बोटीला थांबता येत नाही, कारण टपाल आणि माणसं तारखेला निघायला हवीत. मग तारीख पाळायची आणि पोटही भरायचं, तर जागा दुहेरी वापरायची. मोंबासाला कापूस भरताना डेकवरची माणसं उतरलेली नसली की चीफ ऑफिसरचं डोकं फिरायचं. लवंग भरलेली असली तर चादरींनाही तिचा वास येई. आजोबांच्या पेटीला येत असेल तर आश्चर्य नको.

मार्ग साधारण असा: मुंबई, काही फेऱ्यांत सेशेल्स, मग मोंबासा, झांझिबार, दार-एस-सलाम, बैरा, लॉरेन्सो मार्किस (आजचं मापुटो) आणि दरबान. मुंबई ते मोंबासा सरळ गेलं तर सुमारे २,४०० सागरी मैल, १६ नॉटने सहा दिवसांहून थोडं जास्त. सेशेल्सला १९७१ मध्ये विमानतळ झाला. तोवर त्या बेटांचा जगाशी संबंध म्हणजे अशाच बोटी. धुराडं दिसलं की सगळं गाव धक्क्यावर यायचं. वरच्या डेकवर गुजराती दुकानदार, खोजे, शीख कारागीर, गोव्याचे कारकून आणि थोडे मराठीही. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे. त्यातल्या जुन्या घराण्यांचे मूळपुरुष याच वाटेने गेले. या वाटेवर भीतीही होती. याच कंपनीची ‘तिलावा’ मुंबईहून आफ्रिकेला निघाली असताना २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली. ९५८ जणांपैकी २८० गेले. तुमचे आजोबा दहा वर्षांनी रुजू झाले तेव्हा ‘तिलावा’तून वाचलेले लोक अजून बोटींवर होते.

एक गोष्ट विसरत होतो. बॉयलरच्या नळ्यांवर काजळी साठते, ती रोज वाफेच्या झोताने उडवून धुराड्यातून बाहेर काढावी लागते. हे काम रात्रीच करायचं आणि ब्रिजला विचारूनच, कारण वारा फिरला तर सगळी काजळी डेकवाल्यांच्या वाळत घातलेल्या साड्यांवर येऊन बसते. माझ्या एका वॉचला तसं झालं. सकाळी चाळीसेक बायका एकाच वेळी जे बोलत होत्या ते मला गुजराती येत नसूनही कळलं.

आता दुसरं वाक्य: ‘बंदर आलं की आमचे हाल.’ प्रवाशाला उलट वाटतं. बोट धक्क्याला लागली, इंजिन थांबलं, आता आराम. पण समुद्रात बॉयलर बंद करता येत नाही, म्हणून त्याची सगळी दुखणी बंदरासाठी राखून ठेवलेली असतात. ‘फिनिश्ड विथ इंजिन’ वाजलं की एक बॉयलर विझवायचा आणि तो पुरता थंड व्हायच्या आत भट्टीत उतरायचं. अंगाला पोतं गुंडाळून, तोंडावर फडकं बांधून, ढासळलेल्या विटा काढायच्या आणि नव्या बसवायच्या, नळ्यांमधली काजळी खरवडायची. फर्नेस ऑइलच्या राखेत गंधक असतं. घामाबरोबर ते अंगाला चरचरतं. दुसरीकडे निदान एक बॉयलर पेटताच ठेवायचा, कारण विंचेस, स्वयंपाकघर, धोबीखाना, दिवे, तेल तापवणं, सगळं वाफेवर. म्हणजे पाळी चालूच आणि शिवाय सफाई. डेकवरचे खलाशी मोंबासाच्या बाजारात फिरून यायचे तेव्हा आगवाले भट्टीच्या पोटात असायचे. आफ्रिकेबद्दल आजोबांनी फारसं काही सांगितलं नसेल तर त्याचं कारण हे असू शकेल. त्यांनी ती खिडकीतूनही क्वचित पाहिली असेल.

कंडेन्सरचं एक सांगतो, म्हणजे ‘हाल’ शब्दाचं वजन कळेल. टर्बाइनमधून निघालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि तेच पाणी बॉयलरमध्ये परत जातं. ती थंड करतं ते समुद्राचं पाणी, बारीक बारीक हजारो नळ्यांतून वाहणारं. त्यातली एक नळी फुटली तरी खारं पाणी आत शिरतं, आणि उच्च दाबाच्या बॉयलरला मीठ म्हणजे विष. दर पाळीत पाण्याचा नमुना घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी नितळ राहिलं तर ठीक, दुधाळ झालं तर मीठ. मी ज्या जहाजावर होतो त्यावर एकदा भर समुद्रात रात्री दोन वाजता नमुना ताकासारखा पांढरा झाला. बंदर तीन दिवसांवर. तीन साबने सुताराकडून लाकडाचा भुसा मागवला आणि समुद्राचं पाणी जिथून आत ओढलं जातं तिथे मुठीमुठीने सोडायला लावला. नळीच्या चिरेतून आत ओढला जाणारा भुसा तिथेच अडकून चीर बुजवतो. हसू नका, हा वाफेच्या जहाजांवरचा जुना, खात्रीचा उपाय आहे. दूध पातळ झालं. आम्ही बंदर गाठलं. मग तिथे दोन दिवस कंडेन्सरची दारं उघडून, एकेका नळीच्या तोंडाशी मेणबत्ती धरून, ज्योत कुठे आत ओढली जाते ते शोधत बसलो. मेणबत्ती धरणाऱ्या आगवाल्याला त्या दोन दिवसांत उजेड म्हणून तेवढीच ज्योत दिसली. ती नळी सापडल्यावर दोन्ही तोंडांना बूच ठोकलं आणि निघालो.

वाफेचं पुढे काय झालं तेही थोडक्यात. दहा हजार अश्वशक्तीच्या आसपासचं टर्बाइन तासाला दर अश्वशक्तीमागे सुमारे ३०० ग्रॅम तेल खातं, म्हणजे दिवसाला सत्तर टनांच्या वर. तेवढ्याच ताकदीचं त्या काळचं मोठं डिझेल जेमतेम चाळीस टनांत भागवायचं. १९७३ च्या अखेरीस तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला आणि हा फरक जीवघेणा ठरला. विमानांनी प्रवासी आधीच नेले होते. ‘कंपाला’ १९७१ मध्येच भंगारात गेली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातले आशियाई हाकलले, त्यातले बरेच जण मोंबासाहून बोटीने मुंबईला आले आणि त्या कामात ‘करंजा’ही होती. १९७६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने तिला विकत घेतलं, ‘नानकौरी’ नाव दिलं आणि अंदमानच्या फेऱ्यांना लावलं. १९८८ मध्ये ती तोडली. चाळीस वर्षांचं आयुष्य, वाफेच्या जहाजासाठी भरपूर.

आता नल्लीबद्दल, कारण तुमच्या हातातला खरा पुरावा तोच आहे. प्रत्येक ओळीत जहाजाचं नाव, कुठे आणि कधी रुजू, कुठे आणि कधी मुक्त, हुद्दा, आणि उजवीकडे शिक्के असतात. दोन ‘व्हेरी गुड’, एक कामाचा, एक वागणुकीचा. एखाद्या ओळीत एकच शिक्का असेल किंवा ‘डिक्लाइन’ने सुरू होणारा असेल तर त्या फेरीत काहीतरी बिनसलं होतं, तशा शिक्क्याने माणसाला पुढची बोट मिळणं कठीण व्हायचं, त्यामुळे घरात ती गोष्ट कुणी सांगितली नसणार. हुद्द्याचा रकाना नीट बघा. फायरमन असताना मध्येच ऑइलर किंवा डंकीमन आलं तर ती बढती, पगार वाढल्याचं वर्ष. दोन ओळींमधल्या तारखांचं अंतरही मोजा. एका करारानंतर रांगेत नाव पुन्हा वर येईपर्यंत जे महिने जायचे ते गावात जायचे. शेताचे कागद, लग्नं आणि मुलांचे जन्म त्या अंतरात सापडतील.

नल्लीच्या पहिल्या पानावर अंगठा किंवा सही, फोटो आणि शरीरावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. तिथे ‘उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग’ असं काही आहे का तेवढं बघून मला कळवा.